छावणीतलं शेण

शेणाबद्दल कुणी लिहितं का, मला माहीत नाही. मी तिसरीपर्यंत शिकलो. कशाबद्दल लिहायचं आन कशाबद्दल नाही हे शिकवायच्या आत माझी शाळा सुटली. पण माझी बायको गेली त्या उन्हाळ्याचं लिहायचं म्हणलं तर शेणापासूनच सुरुवात करावी लागते. आमचं सगळं त्याच्यावरच अडून बसलं होतं.

आधी गॅसचं सांगतो. आमच्या घरात गॅसची टाकी आली तेव्हा बायकोनं ती धुऊनपुसून कोपऱ्यात ठेवली. पाव्हणा आला की त्याचा चहा गॅसवर, घरच्यांचा चुलीवर, असा तिचा कायदा. मग टाकी भरायचा भाव वाढला. परत वाढला. पाव्हण्यालाबी चुलीवरचाच चहा मिळायला लागला. शेवटी टाकी मोकळी झाली ती मोकळीच राहिली. बायको ती आडवी पाडून तिच्यावर बसून भाजी निवडायची. म्हणायची, "एवढा महागाचा पाट कुण्या पाटलाच्या घरात न्हाई."

रॉकेल रेशनवरून कधीच गेलं होतं. आमच्याकडं जळण म्हणजे पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की वाळली झाडं उपटायची आन घरामागं गंज लावायची, वर्षभर चूल चालते. त्या साली पाऊसच झाला नाही. कपाशी गुडघ्याएवढी झाली आन तशीच वाळली. त्या काड्या चहाला उकळी यायच्या आत राख व्हायच्या. वेड्या बाभळी लोकांनी मुळासकट खांदून नेल्या. राहिल्या गवऱ्या. आन गवऱ्या म्हशीच्या.

म्हशीला चारा नव्हता. कडब्याची पेंढी इतकी महागली, की लोक म्हणायचे, ज्वारी फुकट घ्या पण धाट आम्हाला द्या. अर्थात ज्वारी कुणी फुकट देत नव्हतं, तीबी चढलीच होती. ज्याला जमलं त्यानं जनावरांना बाजार दाखवला. आमची म्हैस गाभण होती. बायकोनं ती वगार असल्यापासून वाढवलेली, तिच्या हातानं पाणी पाजलेली. पोरगं पुण्याकडं कंपनीत आहे. त्यानं फोन केला, "आई, म्हैस इका आन तुमी दोघं इकडं या."

ती म्हणाली, "तिकडं कोथिंबिरीची काडी बी इकत घ्यावी लागती. तुझी बायको गॅस मोजून जाळती. त्यात आमी दोन म्हातारे कुठं घालायचे? म्हैस व्याऊ दे. दूध सुरू झालं की तेलमीठ निघतंय."

तिचं तेवढं एकच म्हणणं होतं. म्हशीनं उन्हाळा काढला पाहिजे आन ती धडपणी व्याली पाहिजे. दूध संस्थेला घातलं की त्याच्यावर किराणा चालायचा, उरलेल्यात घरचा चहा. म्हैस गेली तर काहीच येणार नव्हतं. हे मलाबी कळत होतं.

मांजरसुंब्याच्या रस्त्याला माळावर आमच्या दूध संस्थेनं चारा छावणी उघडली. सरकार पैसे देणार, संस्था चालवणार. मी त्या संस्थेचा पहिल्यापासूनचा मेंबर. छावणीचे कायदे चेअरमननं स्वतः सांगितले. चारा संस्थेचा, पाणी संस्थेचं, पेंड संस्थेची. जनावरामागं एक माणूस कायम हजर पाहिजे, नसला तर जनावर परत. चाऱ्याच्या गंजी आहेत, म्हणून आत चूल पेटवायची नाही. आन शेण संस्थेचं.

शेणाचं ऐकून लोक हसले. मग कळलं, की द्राक्षवाल्या मुलखातून ट्रक येणार आन शेण भरून नेणार. खताचा भाव वाढला तसा शेणालाबी भाव आला होता. तवा कुणी हसलं नाही.

छावणीत ऱ्हायला बायको गेली. मी गेलो असतो, पण म्हैस मला जवळ येऊ देत नव्हती. पुरुषमाणूस दिसला की शिंगं हलवायची. शिवाय गावात टँकर कधी येईल त्याचा नेम नव्हता, आला तेव्हा घरी माणूस नसला तर हंडा मोकळा. म्हणून मी घरी आन ती माळावर, हिरव्या जाळीखाली, म्हशीशेजारी बाज टाकून. तिथं चूल नाही, म्हणून तिची भाकर मी घरून न्यायची. आन घरी चुलीत घालायला काही नाही, कारण म्हैस तिकडं.

म्हणजे बघा, ती शेणाच्या डोंगरापाशी भाकरीविना आन मी चुलीपाशी शेणाविना.

भाकर मला येत नव्हती. पारावरची माणसं मजा घ्यायची. एक जण म्हणाला, "काय बे, सासूबाईनं आज किती भाकरी सांगितल्या?"

मी म्हणलं, "तुझ्या घरच्या धरून सांगितल्यात. पीठ घेऊन ये अन् जळण बी."

जळणाचं नाव काढलं की पारावरून एकेक जण उठायला लागायचा. सगळ्यांच्याच चुली गार होत्या. मी खराट्याच्या काड्या जाळल्या, खाटेचा मोडका पाय जाळला, शेवटी म्हशीच्या गव्हाणीची फळी काढून जाळली. पहिली भाकर घेऊन गेलो तर बायकोनं ती उलटीपालटी करून बघितली.

"ही भाकर हाय का चपलीचा तळ?"

"खाऊन बघ."

"खाते की. पायात घालायची सोय असती तर तेबी केलं असतं." असं म्हणून तिनं चटणीशी सगळी खाल्ली. मग विचारलं, "काय जाळलं?"

मी गव्हाणीचं सांगितलं. म्हैस परत घरी आली तर खाणार कशात, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

त्यानंतर तिनं जे केलं ते तिच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. छावणीला लागूनच संस्थेची इमारत होती, दूध थंड करायची मशीन तिच्यात. मागची भिंत लांबलचक, चुना लावलेली, दिवसभर उन्हात. माळावर दुसरी भिंत नव्हती. आमच्याकडच्या बाईला शेण दिसलं आन उन्हाची भिंत दिसली, की तिचा हात थांबत नाही. तिनं पाटीभर शेण उचललं, त्यात चाऱ्याचा भुसा कालवला आन भिंतीवर गवऱ्या थापल्या. तिच्या शेजारच्या दावणीला एक विधवा बाई होती, दोन बैल घेऊन आलती. माहेर नांदूरघाटचं म्हणून सगळे तिला नांदूरघाटवालीच म्हणायचे. तिनं बघितलं आन तिनंबी थापल्या. मग बाकीच्या बाया का मागं ऱ्हातील? मी भाकर घेऊन गेलो तर पांढऱ्या भिंतीचं पांढरं कुठं दिसत नव्हतं. वरपासून खालपर्यंत गवऱ्या आन प्रत्येकीवर पाच बोटं.

नेमके त्याच दिवशी तहसीलचे साहेब छावणी बघायला आलते. चेअरमन त्यांना मशीन दाखवायला मागं घेऊन आला आन भिंत बघून जागेवरच थांबला.

"कुणी केलं हे?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. बायको पुढं आली. हात शेणानं भरलेलेच होते.

"मी केलं."

"मावशे, शेण संस्थेचं हाय, सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. म्हणून तर संस्थेच्या भितीला लावलं. घरी कुठं नेलं?"

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. वासानं का हसण्यानं, कळलं नाही.

चेअरमन म्हणाला, "ही भिंत काय तुझ्या बापाची हाय?"

"माझ्या बापाची न्हाई, भाऊ. माझ्या मालकाची हाय. संस्था मेंबराची असती असं तुमीच दरवर्षी मीटिंगमधी सांगता. ह्यांचा शेर हाय संस्थेत. त्या शेराची भित कुठून कुठवर येती तेवढी दाखवा, मी त्याच्या भायेर एक गवरी लावायची न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी भाकरीचं फडकं घट्ट धरून उभा.

साहेब म्हणाले, "चेअरमन, सकाळचं एकेक पाटी शेण नेऊ द्या त्यांना. एवढ्यानं काय होतंय?"

चेअरमननं साहेबांदेखत मान डोलवली. मग नवा कायदा झाला. पहाटे संस्थेची शेण गोळा करायची ट्रॉली फिरायच्या आधीचं शेण मालकाचं, ट्रॉली आल्यावरचं संस्थेचं. जनावर उठून उभं राहिलं की शेण टाकतं, हे जनावर बाळगणाऱ्याला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून बाया उजाडायच्या आत म्हशी उठवायला लागल्या. ट्रॉलीवाला यायचा तर दावणी झाडून साफ. तो करवादायचा, "ह्या छावणीतल्या म्हशी हागत कावून न्हाईत बे?" नांदूरघाटवाली म्हणायची, "तुमची पेंड कमी पडती, दादा."

ते चांगले दिवस होते. वाळलेल्या गवऱ्या पोत्यात भरून मी गावाकडं आणायचो. आमच्या गल्लीतला एक जण रोज मोटरसायकलवर बीडला कामाला जायचा, तो मला वाटेत छावणीवर सोडायचा आन येताना घ्यायचा. पेट्रोल वाढलं तसा तो उशिरा निघायला लागला. मग समोरून जाताना मान दुसरीकडं वळवायला लागला. वाईट माणूस नव्हता. विचारायची लाज आन फुकट न्यायची ताकद नाही, अशी त्याची गत. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "त्याच्या घरची चूल कशावर पेटती? त्याला निम्मं पोतं द्या." दिलं. दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी राहिली आन त्याच्या बायकोनं वर आमटीबी पाठवली.

पण भाव काही एका जागी थांबत नाहीत. ज्वारी आमच्या हाताबाहेर गेली. रेशनचा गहू होता, मी त्याचं पीठ थोड्या ज्वारीत मिसळून भाकरी करायला लागलो. गरम असेपर्यंत ठीक, नंतर दगड. गवऱ्या पुरवायच्या म्हणून दोन दिवसांच्या एकदम करायचो. शेंगदाण्याची चटणी बंद झाली, तिखटमीठ पाण्यात कालवून न्यायचो. तेल तर वासापुरतं. डाळ आम्ही पाव्हण्यासारखी बघायचो. आली तर आली.

छावणीतबी तसंच. सरकी पेंड महागली, सरकारचे पैसे वेळेवर येत नव्हते, म्हणून संस्थेनं आधी पेंड निम्मी केली आन मग एक दिवसाआड. डिझेल वाढल्यामुळं ओला चारा लांबून आणणं परवडंना. उसाच्या शेंड्यांची वाढं आली तर यायची, तीबी वाळलेली. म्हैस तर दिवसांत आली होती. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या.

बायको मात्र म्हणायची, "म्हैस बरी हाय. पोटात वासरू फिरतंय, हात लावून बघा." मी हात पुढं केला की म्हैस फुरफुरायची आन ती हसायची.

तीबी वाळली होती, पण त्या उन्हाळ्यात कोण वाळलं नव्हतं. मी म्हणलं, "तू घरी चल. चार दिस मी बसतो इथं."

"तुमाला ही शिंगावर घील. आन व्यायच्या टायमाला माणूस ओळखीचं लागतं. तुमी भाकरी करा. आता कुठं बऱ्या जमायला लागल्यात."

मी गेलो एका दुपारी तर ती बाजेवर पडून होती. अंग तव्यासारखं. जाळीखाली सावली नावाला होती, वारा भट्टीतला. मला बघून म्हणाली, "पाणी पाजलं का हिला?" म्हशीचं विचारत होती. मग तिची जीभच जड झाली.

दुधाची गाडी संस्थेनं बंद केली होती, दूधच नव्हतं तर डिझेल कशाला जाळायचं. रिक्षावाल्याला बोलवायला माणूस पळाला. त्याच वेळेला फाटकावर शेणाचा ट्रक भरून उभा होता. नांदूरघाटवालीनं त्याच्या ड्रायव्हरला खाली ओढलं म्हणा ना. तो बिचारा म्हणाला, "चला, बीडवरून जातो." केबिनमधी मी तिला मांडीवर घेऊन बसलो. मागं शेण, पुढं रस्ता. रस्ताभर ड्रायव्हर एका हातानं तिच्या अंगावर पाण्याचे हबके मारत होता. त्याचं गाव मला माहीत नाही. त्यानं पैसे घेतले नाहीत.

दवाखान्यात सलाइन लावली. डॉक्टर तरणा पोरगा होता, तळमळीनं बघत होता. म्हणाला, "बाबा, ऊन तर लागलंयच. पण ह्यांच्या पोटात लई दिसापसून धड अन्न न्हाई. खात नव्हत्या का?"

मी म्हणलं, "खात होती. मीच न्यायचो."

पोरगा पुण्याहून आला. तिनं त्याला ओळखलं. माझा हात चाचपून बघितला. भाकरी थापून बोटं भाजलेली होती, त्यावरून बोट फिरवलं. त्या संध्याकाळी ती गेली.

माती झाली त्या दिवशी नांदूरघाटवाली छावणीतून आलती. बाया रडून उठल्या तरी ती बसूनच होती. मग माझ्याजवळ आली.

"दाजी, सांगू का नको, कळंना. पर तुमाला डॉक्टर बोलला म्हणं, म्हणून सांगते. ती भाकर खात नव्हती. चतकोर मोडायची आन बाकीची म्हशीला चारायची. पेंड बंद झाल्यापसून. मी म्हणलं, अगं, मरशील. तर म्हणायची, माझ्या पोटात काय हाय? हिच्या पोटात वासरू हाय."

मी तिथंच बसलो. ज्या भाकरीसाठी मी गव्हाण जाळली, ज्या भाकरीवर लोक हसले, ती म्हशीच्या पोटात गेली. राग यायला पाहिजे होता. कुणाचा करावा ते ठरंना. म्हशीचा करून काय उपेग?

तिचं तेरावं झाल्यावर मी छावणीत गेलो. म्हैस परवाच व्याली होती, नांदूरघाटवालीनं केलं होतं सगळं. वगार झाली होती, काळीभोर, पाय लटपटत होते. पण म्हैस पान्हवत नव्हती. वगार ढुशा देऊन थकायची, कासेला कुणी हात लावला की म्हैस लाथ झाडायची. कास दगडासारखी झाली होती. चेअरमन येऊन बघून गेला. म्हणाला, "अशीच ऱ्हायली तर कास जाईल, मग कसायाशिवाय कोण घेणार हिला?"

नांदूरघाटवालीनं विचारलं, "दाजी, तिचं लुगडं कुठं हाय?"

बाजेखालच्या पिशवीत एक होतं, अंगावरचं, न धुतलेलं. तिनं ते काढून माझ्या हातात दिलं.

"अंगावर घ्या. डोक्यावरून घ्या. आन गप बसा कासेला."

दिवसाउजेडी, सगळ्या दावणींसमोर मी माझ्या बायकोचं लुगडं डोक्यावरून पांघरलं. मिशीवाला म्हातारा. पलीकडच्या दावणीचा एक जण "काय बे" म्हणून सुरू झाला, त्याच्याकडं नांदूरघाटवालीनं नुसतं बघितलं. तो खाली बघायला लागला.

लुगड्याला घामाचा वास होता, शेणाचा होता, तिच्या तंबाखूच्या मिसरीचा होता. म्हशीनं मान वळवली. पदराला नाक लावलं, हुंगलं, परत हुंगलं. मग लांब हंबरली आन तिच्या कासेत दूध उतरलं. मी वगार लावली, मग धार काढली. डोकं तिच्या पोटाला टेकवून बसलो होतो. लुगड्याच्या आत माझं काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं, एवढं बरं होतं.

पाऊस झाल्यावर छावणी उठली आन मी म्हैस घरी आणली. दूध संस्थेला घालतो. दुधाचा भाव आहे तिथंच आहे, पेंड मात्र वर वर चाललीय. पोरगं फोनवर सगळं बरोबर सांगतं. "बाबा, पेंडीला जातंय तेवढं बी दुधात निघत न्हाई. वगार इका, म्हैस इका आन इकडं या. आईसाठी ठेवली होती ना? आई तर गेली."

एक गिऱ्हाईक आलंबी होतं, गेवराईकडचं, चांगला माणूस. म्हशीची कास बघितली, दात बघितले, भाव बरा सांगितला. मग म्हणाला, "धार काढून दाखवा."

मी खुंटीवरचं लुगडं घेतलं आन डोक्यावरून पांघरलं. त्याच्याशिवाय ती अजूनबी पान्हवत नाही. मी ते धुतलेलं नाही. गिऱ्हाईकानं सगळं बघितलं. जनावराची जाण होती त्याला, हसला नाही.

म्हणाला, "ठीक हाय बाबा. लुगड्यासकट सौदा करू."

मी त्याला चहा पाजला, नव्या दुधाचा, आन वाटेला लावलं.